घर-जमिनीत पहिल्यांदा पैसे घालताना: हप्ता, भाडं आणि थांबण्याची ताकद

"जागेत घातलेला पैसा कधी बुडत नाही." हे सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांनी घेतलेली जागा तीस-चाळीस वर्षं त्यांच्याकडेच राहिली आणि तिची किंमत खरोखरच वाढली. ज्यांना तशीच जागा पाचव्या वर्षी नाइलाजाने विकावी लागली, ते मात्र त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. नव्याने जागेत पैसे घालू पाहणाऱ्याने या दुसऱ्या गटाचं काय झालं ते आधी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

जागेचा भाव उतरला म्हणून सहसा कोणी बुडत नाही. भाव उतरलेला असताना विकायची पाळी आली, की माणूस बुडतो. म्हणून कुठली जागा घ्यायची हा प्रश्न नंतरचा. घेतलेली जागा किती काळ धरून ठेवता येईल, हा पहिला.

भाव किती वाढतो?

ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. सतराव्या शतकात धनाढ्य व्यापाऱ्यांनी त्याच्या काठावर घरं बांधली आणि तो पत्ता आजही शहरातला मानाचा पत्ता आहे. पीट आइकहोल्ट्झ या अभ्यासकाने तिथल्या घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातल्या विक्रीच्या नोंदी जुळवून भावांचा आलेख तयार केला. मधे कित्येक तेजी-मंदी येऊन गेल्या. पण महागाई वजा केली, तर जवळपास साडेतीनशे वर्षांत हे भाव साधारण दुप्पट झाले होते. एवढ्या मोक्याच्या जागी, एवढ्या काळात!

मग जागेत लोकांना पैसा मिळतो तो कुठून? सोळा प्रगत देशांच्या १८७० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासून काही अर्थशास्त्रज्ञांनी याचं उत्तर शोधलं. घरांमधला परतावा शेअर बाजाराच्या तोडीचा निघाला, पण महागाई वजा केल्यावर त्यातला मोठा वाटा भाड्याचा होता आणि भाववाढीचा वाटा त्याहून कमी. शिवाय ही देशभरातल्या घरांची सरासरी आहे. आपण घेतो ते एक घर, एका गल्लीतलं, एका मजल्यावरचं. शेजारी कारखाना आला किंवा रस्त्याची आखणी बदलली, तर ती सरासरी आपल्या कामी येत नाही.

नवखा माणूस जागा बघायला जातो तेव्हा "इथला भाव पाच वर्षांत किती होईल?" असं विचारतो. त्याचं खरं उत्तर कोणाकडेच नसतं. "इथे आज भाडं किती येतं, आणि घर रिकामं झालं तर किती दिवसांत भरतं?" याचं उत्तर मात्र शेजारीपाजारी चार ठिकाणी चौकशी केली की मिळतं.

एका घराचा हिशेब

सोपं जावं म्हणून घराची किंमत १०० धरू. कर, नोंदणी, वकील, एजंट आणि घर राहण्याजोगं करण्याची डागडुजी मिळून आणखी ८. हा आकडा देशागणिक बदलतो, पण शून्य कुठेच नसतो. बँक ८० देते. म्हणजे पदरचे २० आणि वरचे ८, असे २८ आपण पहिल्याच दिवशी घातले.

कर्ज २० वर्षांचं, व्याज ७ टक्के. वर्षाचा हप्ता होतो साधारण ७.४. भाडं वर्षाला ५ येईल असं एजंटने सांगितलंय, आणि ते खरंही आहे असं धरू. आता त्यातून काय काय जातं ते बघा. एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं राहिलं, ०.४ गेले. दुरुस्तीला १. मालमत्ता कर, विमा आणि सामाईक देखभाल मिळून ०.६. हातात राहिले ३. हप्ता ७.४ चा. म्हणजे दरवर्षी ४.४ आपल्या पगारातून घालायचे.

"भाड्यातूनच हप्ता निघून जातो" असं कोणी म्हणालं, तर हा हिशेब कागदावर त्याच्यासमोर मांडावा. याच दराने भाड्यातूनच हप्ता भागवायचा असेल, तर १०० च्या घरावर ३२ च्या आसपासच कर्ज चालतं.

पाच वर्षं गेली, भाडं तेवढंच राहिलं असं धरू. सुरुवातीचे २८ आणि पाच वर्षांत भर घातलेले २२, असे एकूण ५० आपले गेले. घराचा भाव १२० झाला. वीस टक्के वाढ! घरी आनंद होतो, नातेवाइकांना सांगितलं जातं. विकायला काढलं, तर एजंट आणि कागदपत्रांचा खर्च ४ टक्के धरून हातात ११५ येतात. बँकेचे अजून ६९ बाकी असतात, कारण पहिल्या वर्षांतल्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं आणि मुद्दल कमी. पहिल्या वर्षी भरलेल्या ७.४ पैकी साडेपाचच्या वर नुसतं व्याज जातं. बँकेचं देऊन उरतात ४६. घातले होते ५०. भाव वीस टक्के वाढूनही ४ चा तोटा झाला, आणि त्यात नफ्यावरचा कर किंवा तेच पैसे दुसरीकडे ठेवले असते तर मिळालेलं व्याज अजून धरलेलं नाही. नुसती बरोबरी साधायला भाव १२४ च्या आसपास जायला हवा होता.

हा हिशेब मी ज्या ज्या नवख्या माणसासमोर मांडला, तो थोडा वेळ गप्प झाला. घर घेऊ नका असा त्याचा अर्थ नाही. पाच वर्षांसाठी घेऊ नका, आणि ८० कर्ज काढून घेऊ नका, एवढाच अर्थ आहे. हेच घर निम्मे पैसे घालून घेतलं तर वर्षाचा हप्ता ४.६ च्या आसपास येतो आणि पगारातून १.६ घालावे लागतात. भाडं आणि खर्च दोन्ही दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढत गेले, तर अकरा-बारा वर्षांनी हातात राहणारं भाडं हप्त्याला गाठतं. तिथून पुढे ते घर आपल्याला पोसायला लागतं. जागेत पैसा कमावलेल्या बहुतेक साध्या माणसांची गोष्ट ही अशी असते: कर्ज कमी आणि मुदत लांब.

कर्ज दोन्ही बाजूंनी कापतं

पदरचे २० घालून १०० चं घर घेतलं आणि भाव १० टक्के वाढला, तर आपल्या २० वर १० मिळाले, म्हणजे ५० टक्के. कर्जाची भुरळ पडते ती इथे. पण भाव २० टक्के उतरला तर आपले २० पूर्ण गेले आणि बँकेचे ८० जसेच्या तसे उभे राहिले. बँक घराच्या भावाकडे बघून हप्ता कमी करत नाही.

अमेरिकेत घरांचे भाव २००६ मध्ये शिखरावर पोचले. २०१२ पर्यंत देशभराच्या सरासरीत ते एक-चतुर्थांशाहून जास्त उतरले, आणि जुना आकडा परत दिसायला साधारण २०१६ उजाडलं. ज्यांना हप्ता भरणं जमत होतं, त्यांनी ही दहा वर्षं काढली आणि त्यांची घरं त्यांच्याकडे राहिली. ज्यांनी सुरुवातीला कमी आणि दोन-तीन वर्षांनी एकदम वाढणाऱ्या व्याजाचं कर्ज घेतलं होतं, त्यांचं काय झालं? तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर २००४ मध्ये १ टक्का होता, तो २००६ पर्यंत ५.२५ वर गेला. त्यांचे हप्ते वाढले तेव्हा भाव उतरत होते. विकून कर्ज फिटत नव्हतं आणि ठेवून हप्ता पेलत नव्हता. लाखो घरं जप्त झाली.

म्हणून तरत्या, म्हणजे बाजाराबरोबर वर-खाली होणाऱ्या, व्याजदराचं कर्ज असेल तर वाईट वर्षाचा हिशेब आधीच करून ठेवावा. आपल्याच उदाहरणात व्याज ७ चं ९ झालं, तर वर्षाचा हप्ता ७.४ चा ८.६ होतो. त्याच वर्षी घर एकाऐवजी तीन महिने रिकामं राहिलं, तर पगारातून घालायचे ४.४ होते ते ६.५ होतात. दीडपट. हा आकडा वाचून पोटात गोळा येत असेल, तर कर्ज जास्त आहे असं समजावं.

आणि दहा वर्षांत भाव परत येतोच, असंही कोणी गृहीत धरू नये. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी जागांच्या तेजीने कळस गाठला होता. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवाराची किंमत अख्ख्या कॅलिफोर्नियापेक्षा जास्त आहे, असं तेव्हा बोललं जायचं. १९९१ नंतर भाव उतरायला लागले आणि दशकभराहून जास्त काळ उतरतच राहिले. मोठ्या शहरांतल्या व्यापारी जागांचे भाव शिखराच्या एक-चतुर्थांशाच्याही खाली गेले.

कागद

१८६८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वॉटसन विरुद्ध म्युअरहेड हा खटला आला. वॉटसनला जागा घ्यायची होती. कागद तपासायचं काम त्याने म्युअरहेडकडे दिलं. जागेवर काही बोजे, म्हणजे आधीची देणी, नोंदलेले होते, ते म्युअरहेडने पाहिलेही होते. वकिलाच्या सल्ल्यावर विसंबून त्याने ते लागू होत नाहीत असं ठरवलं आणि वॉटसनला मालकी निर्वेध असल्याचं सांगितलं. वॉटसनने पैसे दिले. नंतर बोजेवाले दारात आले आणि ते देणं वॉटसनच्या गळ्यात पडलं. त्याने भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं, म्युअरहेडने वकिलाच्या सल्ल्याने काम केलं, त्याचा हलगर्जीपणा नाही. वॉटसनला काही मिळालं नाही. या निकालानंतर काही वर्षांतच, १८७६ मध्ये, मालकीहक्काचा विमा उतरवणारी पहिली कंपनी फिलाडेल्फियात निघाली.

जागेच्या व्यवहारात चूक कोणाचीही असो, भोगतो घेणारा. खरेदीखत नोंदवलं म्हणजे मालकी पक्की झाली, ही समजूत अनेक देशांत चुकीची आहे. तिथे सरकार दस्त नोंदवून घेतं, विकणारा खरा मालक होता याची हमी देत नाही. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने वेगळी पद्धत आणली, तिथे सरकारी नोंदवहीतलं नाव हाच मालकीचा पुरावा. आपण जागा घेतोय तिथे यातली कुठली पद्धत चालते, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावं.

आणि वकील आपला असावा. विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नको. त्याच्याकडून काय तपासून घ्यायचं? विकणाऱ्याकडे जागा कशी आली, त्याच्या आधीच्याकडे कशी आली, ही साखळी कुठे तुटते का. बँकेचा किंवा सावकाराचा बोजा शिल्लक आहे का. कोणी वारस सही करायचा राहिला आहे का. मुखत्यारपत्रावर व्यवहार होत असेल, तर ते देणारा माणूस जिवंत आहे का आणि ते अजून लागू आहे का. जागेतून शेजाऱ्याची वहिवाट जाते का. आणि आत आज प्रत्यक्ष कोण राहतंय? ही शेवटची चौकशी कागदावर होत नाही, जागेवर जाऊन दार वाजवावं लागतं. बयाणा यानंतर द्यावा. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" असं म्हणून घाई करणाऱ्याला येऊ दे म्हणावं.

घर बघायला जाताना

एकदा सकाळी जावं, एकदा रात्री, आणि जमलं तर भर पावसात.

मी घेतलेल्या पहिल्या घरात न्हाणीघराला लागून असलेली एकच भिंत ताजी रंगवलेली होती. बाकीच्या भिंतींचा रंग जुना, थोडा पिवळट. मला ती टापटीप वाटली. चार महिन्यांनी तिथेच रंगाला फुगे आले, बोट लावलं की पोपडा निघायचा आणि खाली गिलावा ओला. वरच्या मजल्यावरच्या नळाची गळती शोधून बंद करेपर्यंत भाडेकरू सोडून गेला आणि घर दोन महिने रिकामं राहिलं. पहिल्या वर्षाच्या हिशेबात दुरुस्तीसाठी मी काहीच धरलं नव्हतं.

तेव्हापासून मी भिंतीवर तळहात टेकवून बघतो. ओल असली तर गारवा हाताला कळतो. फरशीवर नाण्याने टकटक केली, की पोकळ आवाज येतो तिथे फरशी सुटलेली असते. सगळे नळ एकदम सोडून बघावेत, वरच्या मजल्यावरचं पाणी तेव्हा कळतं. कपाटामागचा कोपरा आणि छताची खिडकीजवळची बाजू जरूर पाहावी. मोठी रक्कम असेल तर बांधकामाच्या जाणकाराला पैसे देऊन घेऊन जावं. त्याची फी हा त्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च ठरतो.

अजून न बांधलेलं घर

बांधकाम सुरू असताना घर स्वस्त मिळतं हे खरं. ते स्वस्त का मिळतं, तर घेणारा बिल्डरला एक प्रकारे कर्जच देत असतो आणि इमारत पूर्ण होईल की नाही ही जोखीम आपल्या डोक्यावर घेत असतो. चीनमधल्या एव्हरग्रँड या अवाढव्य कंपनीने घरं बांधण्याआधीच विकली. २०२१ मध्ये तिची देणी थकली. एकूण देणं ३०० अब्ज डॉलरच्या वर होतं. अर्धवट उभ्या इमारती इतर अनेक बिल्डरांच्याही होत्या, आणि २०२२ मध्ये चीनच्या कित्येक शहरांतल्या लोकांनी न मिळालेल्या घरांचे हप्ते भरणार नाही असं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने एव्हरग्रँड मोडीत काढण्याचा आदेश दिला. हप्ता एका घराचा भरायचा, राहायचं दुसऱ्या भाड्याच्या घरात, आणि पहिल्याच्या खिडक्यांना चौकटीसुद्धा नाहीत, ही ओढाताण नवख्या माणसाला झेपणारी नाही.

घ्यायचंच असेल तर पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचा नियम तिथे आहे का, तेही बघावं. त्याच बिल्डरने आधी बांधलेल्या इमारतीत जाऊन राहणाऱ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: ताबा किती उशिरा मिळाला, आणि गळती होते का. नमुन्याचं सजवलेलं घर पाहून यातलं काहीच कळत नाही.

घेऊन लगेच विकण्याचा मार्ग मी नवख्याला सांगणार नाही. जायच्या-यायच्या खर्चातच शंभरातले दहा-बारा जातात, हे वर पाहिलंच. १९२५ च्या सुमाराला फ्लोरिडात लोक दहा टक्के बयाणा देऊन जागेचा कागद घ्यायचे आणि जागा न बघताच तो कागद पुढच्याला चढ्या भावाने विकायचे. गिऱ्हाइकं आटली तेव्हा कागद ज्यांच्या हातात होते त्यांच्याकडेच राहिले, आणि १९२६ च्या सप्टेंबरात मायामीवर चक्रीवादळ आदळलं. मोकळ्या जमिनीचंही सांभाळून. तिला भाडं नसतं, राखण मात्र लागते, आणि वर्षातून दोनदा तरी कुंपण आणि मोजणीचे दगड जागेवर आहेत का ते बघावं लागतं.

सुरुवात कुठून करावी

मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा मार्ग असा: स्वतःला राहायचं घर असं घ्यावं की त्यातला एखादा भाग भाड्याने देता येईल. भाडेकरू कसा निवडावा, करार कसा लिहावा, नळ बिघडला तर किती पैसे जातात, हे सगळं घरबसल्या शिकायला मिळतं आणि घर रिकामं राहिलं तरी आपण त्यात राहतच असतो. ते जमत नसेल तर लहान, जुनं पण मजबूत, भाडेकरू सहज मिळेल अशा ठिकाणचं घर. दिसायला साधं असलं तरी चालेल.

मित्राबरोबर भागीदारीत घेणार असाल तर एकाला विकायचं आणि दुसऱ्याला ठेवायचं असेल तेव्हा काय करायचं, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

ज्यांच्याकडे पैसे थोडे आहेत, त्यांच्यासाठी रीट आहेत. अमेरिकेत १९६० मध्ये त्यांचा कायदा झाला, नंतर इतर देशांनी तो प्रकार उचलला. अनेक इमारतींची मालकी असलेली संस्था आपले हिस्से शेअरसारखे विकते आणि भाड्यातून आलेलं उत्पन्न हिस्सेदारांना वाटते. अमेरिकेत करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग असा वाटावा लागतो. हिस्सा दिवसभरात विकता येतो, ही मोठी सोय. भाव मात्र बाजाराबरोबर रोज हलतो, आणि कर्जाचा बोजा त्या संस्थांवरही असतो.

घर घ्यायचं ठरलंच असेल, तर एक तालीम करून बघा. वर काढला तसा वाईट वर्षाचा हिशेब करा, म्हणजे व्याज दोन टक्के जास्त आणि घर तीन महिने रिकामं. पगारातून जेवढे घालावे लागतील त्याचे बारा भाग करा. आपल्या १०० च्या घराला हा आकडा महिन्याला ०.५४ येतो. पगाराच्या दिवशी तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि तिला हात लावू नका. असं सहा महिने करा. कुठल्या महिन्यात ओढाताण झाली, कोणता खर्च पुढे ढकलावा लागला, तिसऱ्या महिन्यात ते खाते मोडायची वेळ आली का, हे एका वहीत लिहून ठेवा. सहा महिने निभावले तर खात्यात ३.२ जमलेले असतात. रिकामे महिने आणि पहिली मोठी दुरुस्ती यांच्यासाठी लागणाऱ्या राखीव पैशांची ती सुरुवात, आणि बँकेत कर्जाचा अर्ज भरताना ८० मागायचे की ५०, हे ती वही उघडून ठरवता येतं.